डावीकडचं पान

विद्यापीठाचं पत्र आलं तेव्हा ताईला जाऊन दोन वर्षं होत आली होती. पाकिटावर माझ्या नावाखाली केडगाव आणि त्याखाली अहिल्यानगर असं होतं. तिच्या मृत्यूच्या दाखल्यावर अहमदनगर आहे. दोन्ही कागद एकाच फायलीत लावताना मला उगीच वाटलं, की हिला पत्र पाठवलंच कुणी तर ते आता जुन्या गावाला जाईल आणि मी नव्या गावात राहीन.

सेवाभावी कामातल्या नेतृत्वाबद्दल एक आणि अशा कामाच्या अभ्यासाबद्दल एक, असे दोन पुरस्कार विद्यापीठ देतं. पहिला ताईला, मरणोत्तर. दुसरा तिच्या वह्यांवरून मी तयार केलेल्या पुस्तकाला, म्हणजे मला. शेजारच्या वहिनींना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "दोन्ही एकाच घरात? दुसऱ्या कुणी अर्ज केला नव्हता की काय?" मग त्यांनाच वाईट वाटलं आणि संध्याकाळी वाटीभर शिरा घेऊन आल्या.

पत्रात दोन विनंत्या होत्या. समारंभात पुस्तकातलं पहिलं निवेदन मी वाचून दाखवावं. आणि मूळ वह्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाला द्याव्यात, म्हणजे अभ्यासकांना पाहता येतील. मी बत्तीस वर्षं नगरच्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल होते. वह्या कुठेतरी नीट, वाळवी न लागता राहणार याचा मला आनंद झाला. तो खरा आनंद होता, हे आधीच सांगून ठेवते.

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. लग्नानंतर दीड वर्षात ती माहेरी परत आली आणि पुन्हा कधी सासरी गेली नाही. आमच्या घरात त्याविषयी कुणी बोललं नाही. वडील शाळामास्तर, ते पुस्तकात डोकं घालून बसत. मीही तेच शिकले. ताई मात्र बोलायला बाहेर पडली. पुणतांब्यात दोन खोल्या घेऊन तिनं टाकलेल्या बायकांसाठी केंद्र काढलं. तिथे बायका यायच्या, पोटगीचे अर्ज लिहून घ्यायच्या, रेशनकार्ड वेगळं कसं काढायचं ते विचारायच्या. त्यातल्या ज्यांना सांगावंसं वाटे, त्यांची हकीकत ताई वहीत लिहून घेई.

तिची पद्धत अशी होती. सांगितलेलं सगळं उजव्या पानावर लिहायचं. डावं पान कोरं सोडायचं. आठ-पंधरा दिवसांनी पुढच्या बैठकीला त्या बाईला ते मोठ्यानं वाचून दाखवायचं. एक वाक्य वाचायचं, थांबायचं, आणि विचारायचं, "असंच ना?" बाई जे बदलायला सांगेल ते डाव्या पानावर. मी एकदाही त्या बैठकीला गेले नाही. रविवारी मला वाचायचं असे. ताई म्हणायची, "एकदा ये की. तुझी पुस्तकं काही उडून जाणार नाहीत." मी म्हणायची, पुढच्या रविवारी.

ती गेल्यावर वह्यांच्या सोळा पिशव्या माझ्याकडे आल्या. मी त्यांतून सात हकीकती निवडल्या, नावं आणि गावं गाळली, आणि ताईच्या केंद्रातर्फेच त्यांचं पुस्तक छापलं. ते काम चालू असताना तिचं अक्षर मी इतकं पाहिलं, की माझं ळ आणि झ तिच्यासारखं येऊ लागलं. दूधवाल्याच्या वहीत मी लिहिलेली नोंद पाहून मी स्वतःच दचकले. आमचे आवाज पहिल्यापासून सारखे. फोनवर लोक फसायचे. ती असताना त्याची गंमत वाटे. आता वहीतलं वाक्य तपासायला मोठ्यानं वाचलं, की वाक्याच्या शेवटी मी नकळत थांबायची. त्या थांबण्यात कुणीतरी उत्तर देणार आहे असं वाटायचं. भर दुपारी, बाहेर भाजीची गाडी ओरडत असताना वाटायचं. मग मी पुढचं वाक्य घाईनं वाचायची.

बहुतेक हकीकतींत डावी पानं गच्च भरलेली होती. खाडाखोड, बाण, समासात आडवं लिहिलेलं. ते जुळवताना डोळे दुखत. एकच हकीकत अशी होती, की तिचं डावं पान पूर्ण कोरं. उजवीकडे एका दमात लिहिल्यासारखी चार पानं. मी ती पुस्तकात पहिली घातली. मला वाटलं, हिनं इतकं नेमकं सांगितलं, की बदलायला काही उरलंच नाही. ग्रंथपालाला स्वच्छ प्रत आवडते.

हकीकत सत्तावीस वर्षांपूर्वीची होती. नवऱ्यानं घराबाहेर काढलेली बाई वर्षाच्या मुलीला घेऊन नदीच्या घाटावर जाते. मुलीच्या एकाच पायात वाळं, दुसरं मोडून खाल्लेलं. ती मुलीला वरच्या पायरीवर बसवते, स्वतः पाण्याकडे जाते, कमरेइतक्या पाण्यात उभी राहते. मग मुलीचं रडणं ऐकून परत येते. पुस्तकाविषयी ज्यांनी ज्यांनी मला लिहिलं, त्यांनी या रडण्याविषयी लिहिलं.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी मी पॅसेंजरनं पुणतांब्याला गेले. बातमी सांगायची होती आणि केंद्रातल्या उरलेल्या चार वह्या आणायच्या होत्या. केंद्र आता मावशी सांभाळतात. ताईबरोबर पहिल्या दिवसापासून होत्या त्या. मला त्या धाकल्या ताई म्हणतात. दारातून मी "आहात का?" म्हटलं आणि त्या आतून पदर सावरत लगबगीनं आल्या, मला पाहून थांबल्या, आणि खाली बघत म्हणाल्या, "तुमी व्हय. म्या म्हनलं..." मग आत जाऊन पेरू कापून आणले.

पत्र वाचून दाखवलं. मावशी खूश झाल्या. "ताईस्नी बक्षीस आवडायचं न्हाई. पन तुमी घ्या. त्या जित्या असत्या तर तुमालाच धाडलं असतं, मी काय टेजावर चढत न्हाई म्हनून."

"मला एक हकीकत वाचायला सांगितलीय. पहिली."

"कंची पैली?"

पुस्तक त्यांच्याकडे होतं, पण मावशींना वाचायला वेळ लागतो, आणि ताईचा फोटो असलेल्या पानापुढे त्या गेल्या नव्हत्या. मी थोडक्यात सांगितलं. घाट, मुलगी, एक वाळं. मावशींच्या हातातली पेरूची फोड तशीच राहिली.

"ही छापली तुमी?"

"हो. का?"

"डाव्या पानावर काय हाय?"

"काहीच नाही. सगळ्यात स्वच्छ तीच होती."

मावशींनी फोड ताटलीत परत ठेवली. रागावल्या नव्हत्या. एखाद्या शिकलेल्या माणसाला साधी गोष्ट कशी सांगावी याचा विचार करत असाव्यात. "धाकल्या ताई, एवढ्या वर्सात एक बाई आशी न्हाई झाली की वाचून दाखवल्यावर काईच बदललं न्हाई. कुनी म्हनायचं, सासू न्हाई, जाऊ म्हनली हुती. कुनी म्हनायचं, बुधवार न्हवता. कायतरी बदलायच्याच. त्यातच त्यांना बरं वाटायचं. कोरं पान म्हंजी वाचलंच न्हाई. ती बाई पुढल्या बैठकीला आलीच न्हाई. ताई दोनदा तिच्या दारात जाऊन माघारी आल्या. दुसऱ्या खेपंला ती म्हनली, नगं ताई, ऱ्हाऊ द्या ते."

"मग ताईनं ते फाडून का नाही टाकलं?"

"तुमची भन हुती. तुमी सांगा."



"आन ते वाळं," मावशी म्हणाल्या, "आजून हाय तिच्या घरात, डब्यात. पोरीला ठावं हाय की आपल्या पायातलं हाय. घाटाचं ठावं न्हाई. लई शिकलेली पोर हाय. भिंगारला शाळंत शिकिवती. तुमचं पुस्तक तिच्या हातात कवा पडंल त्याचा नेम न्हाई. आन तुमी माईकवर वाचनार."

ती बाई केंद्रापासून दहा मिनिटांवर राहत होती. पिठाची गिरणी चालवायची. मी त्या दिवशी गेले नाही. चार वह्या पिशवीत घालून स्टेशनवर आले आणि गाडीत खिडकीशी बसले. उसाच्या बैलगाड्या फाटकापाशी थांबलेल्या दिसल्या. सगळ्या वाटेभर मी मनात ती हकीकत वाचत होते आणि प्रत्येक वाक्यापाशी थांबणं होत होतं. घरी आल्यावर वही काढून कोरं पान पाहिलं. वर्षभर मी त्याला पूर्णत्व समजत होते. आता ते पान मिटलेल्या दारासारखं दिसलं, ज्याच्यासमोर माझी बहीण दोनदा जाऊन उभी राहिली होती आणि मी कुलूप न बघता आत शिरले होते.

तीन दिवस मी कुठे गेले नाही. पुस्तकाची संगणकावरची प्रत उघडायची, बंद करायची. माझ्या मनात जे चाललं होतं त्यातलं सगळंच चांगलं नव्हतं. ती बाई कदाचित विसरली असेल. मुलगी कदाचित वाचणारच नाही. दुसरी हकीकत वाचते म्हणून विद्यापीठाला कळवलं, तर तिला सांगायची गरजही पडणार नाही. त्या तीन दिवसांत मी काहीच मोठ्यानं वाचलं नाही, म्हणून घरात ताईचा आवाज एकदाही आला नाही. तो येत होता तेव्हा मला भीती वाटायची. न येण्याची भीती निराळी होती.

चौथ्या दिवशी मी वही घेऊन पुन्हा गेले. मावशी बरोबर आल्या, पण गिरणीच्या पायरीवर बसल्या. "आत तुमी जावा. ताई एकल्याच जायच्या."

गिरणीत पट्टा फिरत होता, ज्वारीच्या डब्यांची रांग होती. साठीच्या आसपासची, उंच बाई. भुवयांवर, हातावर पीठ. मी कोण ते सांगितलं तेव्हा पट्ट्याच्या आवाजामुळे तिला नीट ऐकू गेलं नाही, पण तिनं माझ्याकडे पाहिलं आणि हात पुढे करून बटण बंद केलं. पट्टा हळूहळू थांबला.

"तुमी त्यांच्या कोन?"

"धाकटी बहीण."

"बोला की आजून."

मी सांगितलं. छापलंय, नाव नाही, पण वाळं आहे. माझी चूक झाली. आता ते समारंभात वाचायला सांगितलं आहे. ती ऐकत राहिली. डबे घेऊन आलेल्या एका बाईला तिनं "थोड्या येळानं या" म्हणून परत पाठवलं. मग पोत्यावर बसली आणि म्हणाली, "वाचा. काय लिवलंय ते म्या कधी ऐकलंच न्हाई."

मी वाचायला लागले. तिनं डोळे मिटले. एक वाक्य झालं की मी थांबत होते आणि विचारत होते, असंच ना? ती मान हलवायची. तीन पानं तिनं काही बदललं नाही. मला वाटलं मावशी चुकल्या. मग मी वाचलं, की मुलगी रडू लागली आणि तिचं रडणं ऐकून मी माघारी फिरले. असंच ना?

"न्हाई."

मी पेन काढलं.

"रडली न्हाई ती. ताईंना वाटलं आसंल. म्या सांगितलं हुतं का तसं, आता आठवत न्हाई. तवा कायबी सांगितलं आसंल. ती रडत न्हवती. गप बसली हुती. पायरीवर हात ठिवून माझ्याकडं बघत हुती. रडली आसती तर मी पान्यात गेलीच आसते. लेकरू गप का बसलंय, म्हनून भ्याले मी."

मी ते डाव्या पानावर लिहिलं. माझं अक्षर ताईसारखंच आलं.

"आजून एक. घाटावर बसवलं त्याच्या आदी तिला खायला घातलं हुतं. भाकरीचा काला. ते न्हाई लिवलं." तेही लिहिलं. मग ती उठली, डब्यांवरचं पीठ उगाच झटकलं. "छापलं ते छापलं. बक्षीस घ्या, ताईंचं हाय ते. पन माईकवर वाचू नगा. माझ्या आदी तिला कुनी सांगू नगा."

"तुम्ही सांगणार आहात?"

"सत्तावीस वर्सं सांगनार हाये," ती म्हणाली, आणि बटण दाबलं.

पुस्तकाच्या उरलेल्या प्रती मावशींनी बांधून माळ्यावर टाकल्या. वाटलेल्या परत मागवता येण्यासारख्या नव्हत्या. विद्यापीठात फोन केला. पुरस्काराचं काम पाहणारे गृहस्थ आदरानं बोलत होते, पण घाईत होते. मी म्हटलं, पहिलं निवेदन वाचता येणार नाही, आणि खरं तर पुस्तकाचा पुरस्कार घ्यावा की नाही असाही प्रश्न आहे.

"मॅडम, पत्रिका छापून आल्यात."

"एका बाईची संमती राहिलीय."

"नावं गाळलीत ना तुम्ही? मग समितीला काही अडचण नाही."

"समितीला नाही. बरोबर आहे."

"वाचायला दुसरं काहीतरी निवडा मग. छोटं. कुलगुरूंना पुढे कार्यक्रम आहे. आणि वह्या त्याच दिवशी घेऊन या, फोटो काढता येईल."

मी पुस्तकाचा पुरस्कार नाकारला नाही. हे लिहून ठेवते. पत्रिका छापल्या होत्या हे एक कारण झालं. बाईनं घ्या म्हटलं होतं हे दुसरं. पण मला तो हवा होता, हे त्या दोन्हींच्या खाली होतं. आयुष्यभर दुसऱ्यांची पुस्तकं कपाटात लावली. एकदा स्वतःचं नाव कुणीतरी मोठ्यानं घ्यावं असं वाटत होतं. समारंभात ताईच्या सन्मानपत्राचं वाचन झालं. त्यात ती "समाजातील उपेक्षित घटकांचा आवाज" होती असं लिहिलं होतं. तिनं हे वाक्य ऐकलं असतं तर थांबवलं असतं. मी दोनदा व्यासपीठावर चढले, दोन शाली घेतल्या. वाचायला मी एका म्हाताऱ्या बाईची रेशनकार्डाची हकीकत निवडली होती, उजवं पान आणि डावं पान दोन्ही. लोक हसले, टाळ्या वाजल्या. वाचताना माझा आवाज माईकमधून माझ्याकडे परत येत होता आणि तो माझा नव्हता. पहिल्या रांगेत मावशी बसल्या होत्या. त्यांनी डोक्यावर पदर घेतला.

वह्या मी नेल्या नाहीत. म्हटलं, बांधणी करून पाठवते. बांधणी खरंच करायची होती.

पंधरा दिवसांनी सकाळी दारात एक तरुण बाई आली. सलवार कमीज, खांद्याला पर्स, स्कूटी फाटकाबाहेर लावलेली. भिंगारहून आले म्हणाली, आणि आईचं नाव सांगितलं. मी तिला आत घेतलं. चहा नको म्हणाली.

"आईनं सांगितलं. मागच्या रविवारी. सगळं सांगून झाल्यावर म्हणाली, वहीत माझ्याहून बरं लिहिलंय, जाऊन वाच."

मी वही काढून दिली. वाचून दाखवू का, विचारलं. "नको. मला वाचता येतं," ती म्हणाली; मग जरा नरम होऊन, "मावशी म्हणाल्या तुमचा आवाज ताईंसारखाच आहे. म्हणून नको." ती खिडकीशी बसून वाचू लागली. मी स्वयंपाकघरात गेले आणि नुसती ओट्याशी उभी राहिले. खूप वेळ पान उलटल्याचा आवाज आला नाही. परत आले तेव्हा ती डाव्या पानावर होती.

"मी लहानपणापासून अशीच आहे," ती म्हणाली. "मला रडू येत नाही. वर्गातली मुलं पडली, रडली की बाकीच्या बाई धावतात. मी गप्प बसलेल्याकडे जाते. मला वाटायचं, माझाच काहीतरी स्वभाव." तिनं वही मिटली नाही. "या वह्या विद्यापीठात जाणार आहेत ना?"

"मागितल्या आहेत."

"तिथे कोण वाचणार?"

"अभ्यास करणारे. कुणीही, नोंद करून."

"ही पानं मला द्याल?"

मी म्हटलं, तुझ्या आईला विचारावं लागेल. तिनं मोबाईल काढून माझ्यापुढे धरला. "विचारा. तिनंच सांगितलंय मागायला. मला मागवत नव्हतं." मी फोन लावला नाही. बत्तीस वर्षांत मी कितीतरी मुलांना फाटक्या पानांसाठी दंड केला होता. पान कापणाऱ्या एकाला मी ग्रंथालयाचं सभासदत्व कायमचं नाकारलं होतं, आणि घरी येऊन ताईला अभिमानानं सांगितलं होतं.

कपाटातून पट्टी आणि ब्लेड आणलं. वही टेबलावर सपाट उघडली. शिलाईपासून बोटभर जागा सोडून पट्टी ठेवली. तिनं पट्टीचं दुसरं टोक दाबून धरलं. पानं एकेक करून सुटली. पाठीला पाठ लावून लिहिलेल्या दुसऱ्या एका बाईचे चार शब्द त्यांच्याबरोबर जात होते. ते मी आधी वेगळ्या कागदावर उतरवून घेतले आणि तो कागद वहीत ठेवला. तिनं पानं दुमडली नाहीत. पर्समधून वर्गातल्या मुलांच्या चित्रांची फाईल काढली आणि त्यात सरळ ठेवली.

ती गेल्यावर मी विद्यापीठाला पाठवायच्या यादीत त्या वहीसमोर लिहिलं: चार पानं कमी. कारणाचा रकाना होता. बराच वेळ विचार करून लिहिलं, ज्यांची होती त्यांना परत दिली.